टाळूवरच्या इसबासाठी शाम्पू कसा निवडावा

शाम्पू घ्यायच्या आधी उजेडात उभे राहून चार-पाच ठिकाणी भांग पाडा आणि कुणाला तरी टाळू नीट बघायला सांगा. सगळ्याच पापुद्र्यांना आपण 'कोंडा' म्हणून मोकळे होतो, आणि मग चुकीची बाटली घरात येते.

पापुद्रे पिवळसर, तेलकट असतील आणि भुवया, नाकाच्या कडा, कानांमागेही लाली असेल, तर तो बहुधा सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट प्रकारचा इसब. यात त्वचेवरच राहणाऱ्या मॅलॅसेझिया या यीस्टचा (बुरशीच्या एका प्रकाराचा) हात असतो. टाळू कोरडी, पापुद्रे बारीक, खाज जबरदस्त आणि कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खोबणीतही जुना इसब असेल, तर अ‍ॅटोपिक प्रकार. केस रंगवल्यावर दोन-तीन दिवसांत खाज, सूज आली तर संशय केसांच्या रंगातल्या पीपीडी (पॅराफेनिलीनडायामीन) या रसायनावर घ्या. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही ते असू शकते. जाड, चंदेरी थर कपाळावर उतरत असतील तर सोरायसिस असू शकतो. तिथे अंदाज न बांधता त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

आता बाटली फिरवून मागची घटकांची यादी वाचा. पुढच्या बाजूला लिहिलेल्या 'हर्बल', 'नॅचरल'ला फारसा अर्थ नसतो.

तेलकट प्रकारासाठी २ टक्के किटोकोनॅझोल, १ टक्का झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड, यांपैकी एक घटक हवा. सेलेनियमने पांढऱ्या किंवा रंगवलेल्या केसांवर छटा चढते, चांदीचे दागिने काळे पडतात; ते आधी काढून ठेवा. थर जाड असेल तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड तो सैल करते, पण कोरड्या टाळूवर तेच आग करते.

कोरड्या, अ‍ॅटोपिक टाळूला औषधी शाम्पूपेक्षा सुगंधविरहित, सौम्य शाम्पू बरा. यादीत 'परफ्यूम' किंवा मिथाइलआयसोथायझोलिनोन, डीएमडीएम हायडँटॉइन ही टिकवणारी रसायने दिसली तर बाटली परत ठेवा. सोडियम लॉरिल सल्फेट टाळा, पण 'सल्फेट-फ्री' म्हणजे वासाशिवाय, असे समजू नका. काहींना सौम्य शाम्पूंत सर्रास असणाऱ्या कोकामिडोप्रोपिल बिटेन या फेस आणणाऱ्या घटकाचीही अ‍ॅलर्जी असते. शाम्पूची अ‍ॅलर्जी पुष्कळदा टाळूपेक्षा पापण्या, मान आणि कानांमागे आधी उमटते, कारण फेस तिथूनच ओघळतो.

नवी बाटली थेट डोक्याला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी लावा, पाच मिनिटांनी धुवा. दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. लाली, खाज नसेल तरच पुढे जा.

औषधी शाम्पू वापरायची रीत:

१. कोमट पाण्याने केस पूर्ण भिजवा. कढत पाण्याने खाज वाढते.
२. आखूड केसांना चहाचा एक चमचा, लांब केसांना दोन चमचे शाम्पू बोटांच्या पेरांनी टाळूवर पोचवा. नखे लावू नका. शाम्पू फक्त केसांवर फेसाळला तर औषध वाया गेले.
३. घड्याळ लावून तीन ते पाच मिनिटे थांबा. बहुतेकांचे इथेच चुकते: लगेच धुतले की औषधाला कामाला वेळच मिळत नाही.
४. भरपूर पाण्याने धुवा, कानांमागेही.

किटोकोनॅझोल आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. उतार पडल्यावर एकदम बंद न करता आठवड्या-पंधरवड्याने एकदा चालू ठेवा, नाहीतर त्रास पुन्हा डोके वर काढतो. मधल्या दिवशी सौम्य शाम्पू चालेल.

आणि खोबरेल तेल. हा सल्ला घरात कुणालाच आवडत नाही, पण तेलकट प्रकारात रात्रभर चोपडलेले तेल, खोबरेल असो वा ऑलिव्ह, यीस्टला खाद्यच पुरवते. खपल्या मऊ करायच्याच असतील तर तासभर आधी लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) लावा. लिंबू, दही किंवा रिठ्याचे पाणी फुटलेल्या त्वचेवर झोंबते. ते सगळे बाजूला ठेवा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे मिश्र मलम आणून लावू नका.

चार आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. पू, ताप, दुखऱ्या फोडांचे घोस असतील तर त्याच दिवशी. लहान मुलाच्या डोक्यावर केस गळून गोल चट्टा पडला असेल तर ती बुरशी असू शकते आणि ती नुसत्या शाम्पूने जात नाही. पोटातून औषध घ्यावे लागते.