‘स्टार ट्रेक’ पुन्हा पाहताना या चुका टाळा

ओलिताच्या दिवसांत शेतपंपाला रात्रीची वीज असली, की जागलीला बसलेला माणूस मोबाइलवर जुन्या मालिका काढतो, हे विदर्भातल्या गावांत आता नवे नाही. ‘स्टार ट्रेक’ हा मात्र अंतराळ-प्रवासाच्या अमेरिकी विज्ञानमालिकांचा १९६६ पासून चालत आलेला पसारा आहे. तो पुन्हा पाहायला घेताना काही चुका हमखास होतात.

कथेतल्या काळानुसार क्रम लावणे ही त्यांतली पहिली. ‘एंटरप्राइज’ (२००१-०५) ही मालिका, पहिल्या मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्या सुमारे शंभर वर्षे आधी घडते, म्हणून अनेकजण तीच आधी लावतात. पण तिचा अखेरचा भाग ‘नेक्स्ट जनरेशन’ या तिच्या आधी आलेल्या मालिकेतल्या रायकर आणि ट्रॉय या अधिकाऱ्यांभोवती रचलेला आहे, आणि ‘नेक्स्ट जनरेशन’ डोक्यात ताजी नसेल तर तो अगदीच उपरा वाटतो. प्रसारणाचा क्रमच बरा.

त्याहून मोठी चूक तुलनेत होते. ‘नेक्स्ट जनरेशन’ची पहिली दोन पर्वे (१९८७-८९) चाचपडतच गेली; दुसऱ्या पर्वाला १९८८ च्या लेखक-संपाचा फटका बसून त्याचे बावीसच भाग झाले आणि शेवटचा भाग तर बराचसा जुन्या दृश्यांची जुळवाजुळव करून उरकला गेला. ही पर्वे ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेच्या शेवटच्या पर्वांत रंगलेल्या डोमिनियन युद्धाच्या कथानकासमोर ठेवून निकाल देणे अन्यायाचे आहे. एका मालिकेच्या तिसऱ्या पर्वाशी दुसरीचे तिसरेच पर्व ताडून पाहावे. माझ्या मते तिथे ‘नेक्स्ट जनरेशन’ सरस ठरते. वर्षाला सव्वीस भाग काढणाऱ्या जुन्या मालिका आणि दहा भागांची आजची पर्वे यांनाही एकच माप लावू नये.

चित्र धूसर दिसले, की लोक नेटवर्कला दोष देतात आणि दर्जा वाढवून दिवसाचा डेटा संपवतात. ‘डीप स्पेस नाइन’ आणि याच पसाऱ्यातली ‘व्हॉयेजर’ या मालिकांचे संकलन व्हिडिओ टेपवर झाले होते. ‘नेक्स्ट जनरेशन’प्रमाणे मूळ फिल्मवरून त्यांची नवी, सुस्पष्ट आवृत्ती तयार झालेली नाही. तेव्हा तिथे दर्जा वाढवून फारसे काही हाती लागत नाही. टीव्हीवर चेहरे आडवे ताणलेले दिसत असतील, तर चित्राचे प्रमाण ४:३ करावे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा बिघाड नव्हे.

‘डीप स्पेस नाइन’चे अखेरचे काही भाग एकच सलग कथानक पुढे नेतात, त्यामुळे ते तालुक्याच्या गावी वायफायवर एकदमच उतरवून घ्यावेत.