एका बेसबॉल संघाच्या लाडक्या खेळाडूंची पिढीवार यादी कशी तयार करावी

बेसबॉलच्या एखाद्या संघाचे सर्वोत्तम खेळाडू कोण, याचे उत्तर आकडेवारीच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत मिळते. चाहत्यांचे लाडके खेळाडू कोण होते, हे मात्र तिथे लिहिलेले नसते. ते माणसांकडून काढून घ्यावे लागते आणि मग नोंदींशी ताडून पाहावे लागते. बोस्टनजवळ राहायला आल्यानंतर रेड सॉक्स या संघासाठी मी अशी यादी करत गेलो, आणि त्यातून जी पद्धत हाती लागली ती येथे देत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा भारतातून हा खेळ पाहणाऱ्या कोणाही मराठी वाचकाला ती आपापल्या आवडत्या संघासाठी वापरता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे एकच संघ निवडावा. अमेरिकेतील बेसबॉलची निष्ठा शहराशी बांधलेली असते आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, तीस संघ आहेत. साऱ्या देशाची यादी करायला घेतली की जिव्हाळा बाजूला पडतो आणि केवळ थोरांची नामावली उरते. त्यानंतर यादीची सुरुवात कुठून करायची ते ठरवावे. माझा नियम असा, की ज्याला प्रत्यक्ष पाहिलेले कोणीतरी आज बोलायला हयात आहे, तेवढाच खेळाडू यादीत घ्यावा. त्यामुळे १९१४ ते १९१९ या काळात बोस्टनकडून खेळलेला बेब रूथ प्रस्तावनेत जातो. त्याला न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलरना विकले गेले, आणि १९१८ नंतरचे वर्ल्ड सिरीजचे (हंगामाअखेरच्या अंतिम लढतीचे) पुढचे विजेतेपद बोस्टनला थेट २००४ मध्ये मिळाले. या ८६ वर्षांत त्याचे नाव घरोघरी निघत राहिले, पण ते गमावलेल्या ठेव्यासारखे. ही हळहळ नोंदवावी, पण लाडक्यांच्या रकान्यात टाकू नये.

मग माणसांना विचारायला लागावे, आणि येथे प्रश्न कसा विचारला जातो यावर जवळजवळ सारे अवलंबून आहे. एका उन्हाळी दुपारी रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, फेनवे पार्कमध्ये, माझ्या शेजारी एक कुटुंब बसले होते. वडिलांच्या सदऱ्यावर ८, मुलीच्या ४५ आणि धाकट्या मुलाच्या ३४. रेड सॉक्सच्या घरच्या पांढऱ्या गणवेशावर पाठीवर नाव नसते, फक्त आकडा असतो, आणि या तिघांचे सदरेही तसेच होते; ज्याला ओळख आहे त्यालाच तो आकडा बोलतो. वडील पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरत होते. मी त्यांना संघाचा सर्वांत मोठा खेळाडू कोण असे विचारले, तेव्हा क्षणाचाही विचार न करता त्यांनी टेड विल्यम्सचे नाव घेतले. पाठ केलेले उत्तर होते ते. थोड्या वेळाने मी विचारले, की अकरा वर्षांचे असताना गल्लीत खेळताना तुम्ही कोण व्हायचात? त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, जागेवरून उठले आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन बॅट धरल्यासारखे उभे राहिले. ती कार्ल यास्त्रेम्स्कीची उभे राहण्याची ढब होती. ८ हा आकडा त्याचाच.

तेव्हा 'सर्वोत्तम कोण' हा प्रश्न विचारूच नये. आठ ते चौदा या वयात तुम्ही कोणाची नक्कल करत होता, कोणाची पाळी आली की रेडिओजवळून कोणी उठत नसे, कोण संघ सोडून गेला तेव्हा तुम्ही रडलात, असे विचारावे. आपल्याकडेही ज्याच्या बालपणी गावस्कर होते त्याला तेंडुलकरचे कौतुक असते, पण त्याची माया आधीच वाटली गेलेली असते. बेसबॉलमध्ये तेच घडते, म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचे जन्मवर्ष लिहिणे अत्यावश्यक आहे. नाव न लिहिले तरी चालेल.

मिळालेली उत्तरे आता नोंदींशी ताडावीत. यात विल्यम्सचे उदाहरण सर्वांत शिकवणारे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तो १९३९ ते १९६० असा एकाच संघाकडून खेळला. दुसऱ्या महायुद्धात त्याचे तीन पूर्ण हंगाम गेले आणि कोरियाच्या युद्धात आणखी दोन हंगामांचा बहुतांश भाग. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी .३९९५५ होती, म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत .४०० धरली गेली असती. (बेसबॉलमधली सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे किती यशस्वी फटके, असे क्रिकेटच्या वाचकांनी समजावे.) त्या दिवशी बाहेर बसण्याची मुभा असतानाही तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा फटके मारले आणि .४०६ वर हंगाम संपवला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगचे हे दोन विभाग) पूर्ण हंगामात .४०० कोणालाही गाठता आलेले नाही. इतके वाचून वाटते, की शहराने याला डोक्यावर घेतले असणार. प्रत्यक्षात त्याच्या ऐन भरात त्याच्यावर हुर्यो उडवणारेही मैदानात भरपूर असत. १९५६ मध्ये प्रेक्षकांच्या दिशेने थुंकल्याबद्दल त्याला पाच हजार डॉलर दंड झाला. टाळ्यांना उत्तर म्हणून टोपी उचलण्याचे त्याने वर्षानुवर्षे टाळले आणि १९६० मध्ये कारकिर्दीच्या अखेरच्या संधीवर होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारल्यानंतरही टोपी उचलली नाही. ती उचलली १९९१ मध्ये, त्याच्या सन्मानाच्या दिवशी, आणि १९९९ च्या ऑल-स्टार (निवडक नामवंत खेळाडूंच्या) सामन्याआधी तो फेनवेवर आला तेव्हा त्या काळचे सारे मोठे खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले. म्हणून यादीत दोन वेगळे रकाने हवेत: खेळाडू खेळला ते वर्ष, आणि लोकांची माया जडली ते वर्ष. विल्यम्सच्या बाबतीत या दोहोंत अनेक दशकांचे अंतर आहे.

यास्त्रेम्स्कीपुढे हे अंतर फारच कमी आहे. विल्यम्सनंतर १९६१ मध्ये तो त्याच डाव्या बाजूच्या मैदानात उभा राहिला आणि १९६७ मध्ये सरासरी, होम रन आणि धावा मिळवून देणे या तिन्हींत लीगमध्ये अव्वल ठरला. आदल्या वर्षी तळाशी रेंगाळलेला संघ त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये गेला. त्या उन्हाळ्यात जे लहान होते त्यांची उत्तरे बहुधा एकसारखी येतात. पण त्यांनाच आणखी बोलते केले, की आवाज खाली करून ते टोनी कोनिग्लियारोचे नाव घेतात. तो शेजारच्या रिव्हियरचा, घरचाच मुलगा. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या चेहऱ्यावर चेंडू आदळला आणि दृष्टीला इजा झाली. आकडेवारीच्या क्रमवारीत तो वरच्या पानावर सापडणार नाही. लाडक्यांच्या यादीत त्याला जागा दिली नाही, तर ती यादी चुकली असे मी समजतो.

स्मरणशक्ती पराभव गाळते, याचेही भान ठेवावे. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बाराव्या इनिंगमध्ये कार्लटन फिस्कने चेंडू मारला आणि तो हद्दीच्या आत पडावा म्हणून पहिल्या बेसकडे जाताना दोन्ही हात हलवत राहिला; चेंडू हद्द दाखवणाऱ्या डावीकडच्या खांबावर आदळून होम रन झाला. हा प्रसंग सांगणाऱ्यांपैकी कित्येकांच्या लक्षात नसते, की सातवा सामना सिनसिनाटीने जिंकला होता. त्यांची चूक दुरुस्त करायला जाऊ नये. निकाल आपल्या वहीत वेगळा लिहावा आणि त्यांचे बोलणे जसेच्या तसे ठेवावे. उलट, ज्याच्यावर पराभवाचे खापर फुटले त्याचाही शोध घ्यावा: १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि वर्षानुवर्षे त्याला दोष दिला गेला, पण २००८ च्या एप्रिलमध्ये सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकायला तो फेनवेवर आला तेव्हा सारे मैदान उभे राहिले. अशा नोंदीशिवाय यादीला खोली येत नाही.

यादी कोणाच्या आठवणींवर उभी आहे, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. रेड सॉक्स हा कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा मेजर लीगमधला शेवटचा संघ होता. पम्प्सी ग्रीन १९५९ मध्ये खेळला, मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरल्यानंतर बारा वर्षांनी. त्याआधी १९४५ मध्ये रॉबिन्सनची फेनवेवर चाचणी होऊनही त्याला घेतले गेले नव्हते. बोस्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील वृद्धांना त्या काळातला लाडका विचारला, तर तो या संघाचा नसण्याची शक्यता मोठी आहे. हे उत्तर आपल्या संघाचे नाही म्हणून टाकून देऊ नये. उजव्या बाजूच्या सज्जावर निवृत्त केलेले (सन्मानार्थ पुन्हा कोणाला न दिले जाणारे) जे आकडे लावले आहेत, त्यांत रॉबिन्सनचा ४२ निळ्या रंगात आहे, तशीच ती नोंदही आपल्या यादीत वेगळ्या शाईने असावी.

अलीकडच्या काळासाठी कमी श्रम लागतात. शेजारच्या मुलीच्या पाठीवरचा ४५ पेद्रो मार्टिनेझ या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, होता. १९९९ मध्ये त्याने २३ सामने जिंकले, ४ हरले आणि ३१३ फलंदाज स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. तो पिचिंगला असला, की डोमिनिकन प्रजासत्ताकाचे झेंडे घेऊन लोक येत. तिच्या भावाचा ३४ डेव्हिड ऑर्टिझचा. मिनेसोटाने त्याला सोडून दिल्यावर २००३ च्या आरंभी तो बोस्टनला आला, आणि २००४ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजविरुद्ध संघ ०-३ ने मागे असताना चौथा सामना बाराव्या व पाचवा चौदाव्या इनिंगमध्ये त्याच्याच बॅटने संपला. २०१३ च्या मॅरेथॉनमधील बाँबस्फोटांनंतर त्याने फेनवेवर ध्वनिक्षेपक हाती घेऊन शहराला धीर दिला. त्याची आठवण सांगताना बोस्टनकर फटक्यांआधी तो दिवस सांगतात.

संघ सोडून गेलेल्यांसाठी एक स्वतंत्र पान ठेवावे. जॉनी डेमन यांकीजकडे गेला, मुकी बेट्सला २०२० मध्ये लॉस एंजलिसला दिले गेले. पहिल्याविषयी राग आणि दुसऱ्याविषयी हळहळ, असा फरक उत्तरांत दिसतो. तो फरक शब्दांत लिहावा, गुणांत मांडू नये.

भारतातून हे करणाऱ्यांनी वेळेचे गणित लक्षात घ्यावे: उन्हाळ्यात बोस्टनला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला असतो, दुपारी एकचा रात्री साडेदहाला. दुपारचे सामने धरावेत. प्रेक्षकांच्या पाठीवरचे आकडे कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात आणि ते मोजणे हेही या कामातले साधन आहे.

शेवटची ओळ कोरी ठेवावी. त्या दुपारी त्या वडिलांच्या मांडीला टेकून दहा वर्षांचा नातू बसला होता, आणि त्याच्या टी-शर्टवर अजून कोणताही आकडा नव्हता. आठव्या इनिंगमध्ये आजोबांनी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल त्याच्याकडे दिली. पुढच्या खेळाडूचे नाव त्याने विचारून, अक्षर अक्षर जुळवत लिहिले.