ऊसतोड मजुरांच्या मतासाठी गावमंडळाने विनंती अर्ज कसा करावा

बीड जिल्ह्यातील धारूर, आष्टी किंवा नगरकडील पाथर्डी या तालुक्यांतून ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे टोळ्या फडाच्या वाटेला लागतात नेमक्या त्याच दिवसांत झाले. यादीत नाव असूनही मत देता येत नाही, ही तक्रार संसदेपर्यंत नेण्याचे काम दहा-पंधरा जणांचे गावमंडळही करू शकते. त्यासाठी आधी संस्था नोंदवण्याची गरज नाही.

पहिले काम मागणी नेमकी करण्याचे. ‘मजुरांना मतदानाची सोय करा’ असे लिहिले, तर ती सोय कोणी आणि कोणत्या कायद्याखाली करायची हे वाचणाऱ्याला कळत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० (ग) नुसार निवडणूक आयोग शासनाशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. वृद्ध आणि दिव्यांग मतदारांना घरून मत देण्याची मुभा याच वाटेने मिळाली. २०१९ मध्ये तिची वयोमर्यादा ८० वर्षे होती, २०२४ मध्ये ती ८५ झाली. ‘हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड मजुरांचा या कलमाखाली समावेश करावा’ एवढे एकच वाक्य मंडळाची मागणी म्हणून पुरेसे आहे. दूरस्थ मतदान यंत्राची, म्हणजे बाहेरगावीच राहून आपल्या मतदारसंघासाठी मत देता येईल अशा यंत्राची, मागणी अधिक आकर्षक वाटते खरी, पण डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केलेला त्याचा नमुना राजकीय पक्षांच्या आक्षेपांपाशी अडला, म्हणून माझ्या मते ती या अर्जात मिसळू नये.

सह्या घ्यायच्या त्या ऑगस्ट-सप्टेंबरात, कुटुंबे घरी असताना. त्या मुकादमामार्फत, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदारामार्फत, मुळीच घेऊ नयेत, कारण ज्याच्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली आहे त्याच्या सांगण्यावरून केलेली सही मोकळ्या मनाची आहे की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. मंडळाच्या दोघांनी, त्यांतली एक बाई असावी, संध्याकाळी घरी जाऊन अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा आणि नवरा-बायकोची सही वेगवेगळी घ्यावी. मुकादमाच्या वहीत जोडपे मिळून एक कोयता धरला जातो, मतदारयादीत मात्र ती दोन माणसे आहेत. सही येत नसेल तर अंगठा चालतो, म्हणून शाईचा पॅड जवळ ठेवावा. त्याच भेटीत यादीतले नाव तपासावे. तात्पुरते बाहेरगावी गेल्याने मतदाराचे सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये म्हटले आहे. तरीही नाव गळाले असेल तर नमुना ६, म्हणजे यादीत नाव नोंदवण्याचा अर्ज, भरून घ्यावा.

सह्यांचा आकडा फुगवण्याचा मोह होतो. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीच्या गावोगावच्या शाखांनी मताधिकारासाठी १८४८ मध्ये संसदेला अर्ज केला, तेव्हा पुढाऱ्यांनी ५७ लाख सह्यांचा दावा केला होता. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या तर त्या १९,७५,४९६ भरल्या, आणि त्यांत खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या नावाचीही सही निघाली. मग जवळजवळ वीस लाखांच्या गठ्ठ्याचेही हसे झाले. आपल्या तीनशे खऱ्या सह्या तीनशेच सांगाव्यात.

लोकसभेकडे जाणाऱ्या अर्जाचे नियम काटेकोर आहेत. अर्ज मराठीत असेल तर त्यासोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी द्यावे लागते. मजकुराच्या शेवटी नेमकी विनंती येते, आणि किमान एक सही त्याच पानावर असावी लागते. सह्या पुढच्या पानांवर गेल्या, तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर ती विनंती पुन्हा लिहावी लागते. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन नंतर टाचण्याची सवय इथेच अंगाशी येते. प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि पत्ता हवा, भाषा सभ्य हवी, आणि सोबत पत्रे, प्रतिज्ञापत्रे वा कात्रणे जोडायची नाहीत. खासदारामार्फत अर्ज सादर करायचा असल्यास त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती मागायला जाताना गळ्यात कोणत्याही पक्षाचे उपरणे नसावे; पुढच्या वेळी खासदार दुसऱ्या पक्षाचे असू शकतात.

याच मागणीचे स्वतंत्र निवेदन राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांमार्फत आयोगाला द्यावे आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून निवेदनावर काय कार्यवाही झाली ते विचारावे; महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. टोळ्या परतल्या की आलेले उत्तर, नकार असला तरी, पारावर सगळ्यांसमोर वाचून दाखवावे आणि पुढच्या ऑगस्टसाठी वही तिथेच उघडावी.