बालगंधर्वांची जुनी तबकडी संगणकावर उतरवताना

ठाण्यात पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या तबकडीवर बहुधा बुरशीचा पांढुरका थर असतो. तो खाचांत असताना सुई टेकवू नका. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून स्पिरिट, कोलन किंवा सॅनिटायझर अजिबात नको. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. सावलीत उभी ठेवून पूर्ण वाळू द्या.

एलपीची (नंतरच्या, बारीक खाचांच्या तबकडीची) सुई इथे चालत नाही. तिचे टोक साधारण 25 मायक्रॉनचे, ते रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. 75 मायक्रॉनची सुई घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर मात्र वाजवू नका. त्याच्या साउंडबॉक्सचे (सुई धरणाऱ्या जड डबीचे) वजन खाच खाऊन टाकते. ध्वनिमुद्रण 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइलमध्ये करा आणि ही मूळ प्रत कधीच बदलू नका. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर, आणि बेताने. जास्त साफ केले की श्वास आणि बारीक हरकती खरखरीबरोबर निघून जातात. मग गंधर्वांच्या गाण्यात उरले काय?

सगळ्यात जपायचा तो वेग. जुन्या तबकड्या नेमक्या 78 वरच मुद्रित झाल्या असतील असे नाही. 74 वर मुद्रित झालेली 78 वर लावली तर आवाज जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि लयही पळते. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या स्त्रीभूमिका गाणाऱ्या नटाबाबतीत ही चूक फार महागात पडते, कारण ऐकणारा त्या खोट्या पट्टीवरूनच त्यांच्या गळ्याबद्दल मत बनवतो. दोन-तीन वेगांवर ऐका. शब्दोच्चार सहज आणि तबल्याचा ठेका नैसर्गिक वाटेल तो वेग निवडा आणि नोंदवून ठेवा. टर्नटेबलला 78 नसेल तर त्याच जाड सुईने 45 वर मुद्रित करून संगणकावर वेग 1.733 पट करा.

फाइलच्या नावात नाटकाचे साल तबकडीचे साल म्हणून घालू नका. ‘स्वयंवर’ 1916 चे, ‘एकच प्याला’ 1919 चे, पण त्यांतल्या पदांची तबकडी बऱ्याच वर्षांनंतरचीही असू शकते. मधल्या कागदावरचा क्रमांक आणि त्याच्या कडेला लाखेत कोरलेला क्रमांक, दोन्ही जसेच्या तसे लिहा.

नंतर तबकड्या कोरड्या कागदी पाकिटांत, उभ्या, कपाटात ठेवा. स्लॅबखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात त्या वाकतात.