क्लाउडवर गेलात, पण ॲप आणि कामाची वाटणी जुनीच? या चुका टाळा

ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड रीजन, म्हणजे आपल्या डेटा सेंटरचा समूह, सुरू केला. तेव्हापासून अंधेरी-पवई-ऐरोलीतल्या टीमना सर्व्हर कुठे ठेवायचा ही चिंता उरली नाही. पण बऱ्याच ठिकाणी फक्त सर्व्हर हलतो. ॲप होतं तसंच राहतं, कोणी काय करायचं हेही तसंच. मग काही बिघडलं की खापर क्लाउडवर फुटतं.

लॉगिन कधी टिकतं, कधी उडतं

सगळ्यात आधी येणारी तक्रार हीच. ग्राहक फॉर्म भरतो, पॅन कार्डाचा फोटो अपलोड करतो आणि पुढच्या पानावर त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जातो. फोटोही गायब. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर बघतो तर सगळं व्यवस्थित. लॅपटॉपवर ॲपची एकच प्रत चालते, क्लाउडवर लोड बॅलन्सरमागे, म्हणजे रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, तीन. लॉगिनची माहिती पहिल्या प्रतीच्या मेमरीत, फोटो तिच्याच डिस्कवर, आणि पुढची रिक्वेस्ट गेली तिसरीकडे.

खात्री करायला टेस्टच्या सेटअपवर प्रत एकच ठेवून बघा. तक्रार थांबली तर दुखणं हेच. इथे स्टिकी सेशन चालू करून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा. ग्राहक एकाच प्रतीला बांधला जातो आणि रात्री लोड उतरल्यावर ती प्रत बंद झाली की त्याचं सेशन आणि फाइल दोन्ही जातात. सेशन, म्हणजे लॉगिनची माहिती, रेडिसमध्ये (सगळ्या प्रतींना वापरता येणारा वेगवान साठा) किंवा डेटाबेसमध्ये ठेवा, फाइल ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये, म्हणजे मशीनबाहेरच्या क्लाउडच्या फाइल-साठ्यात. कुठलीही प्रत कधीही बंद पडेल हे गृहीत धरूनच कोड लिहायचा. क्लाउडसाठी ॲप बांधताना याहून महत्त्वाचं मला काही वाटत नाही.

लॉगचंही, म्हणजे ॲपने केव्हा काय केलं याच्या नोंदींचंही तसंच, मशीन गेलं की लॉग गेले. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. लॉग पहिल्या दिवसापासून मशीनबाहेर एका जागी पाठवा.

नऊचं काम अडीचला

क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीवर चालतात, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. सकाळी ९ ला लावलेला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आपल्याकडे दुपारी अडीचला चालतो. शेअर बाजार ९:१५ ला उघडतो, म्हणून त्याआधी सर्व्हर वाढवायचे असतील तर यूटीसीच्या वेळापत्रकात ३:४५ च्या आधीची वेळ हवी. आणखी एक घोळ लवकर लक्षात येत नाही: रात्री १२ ते पहाटे ५:३० मधले व्यवहार यूटीसीच्या हिशेबाने आदल्या तारखेला पडतात आणि दिवसाचा रिपोर्ट जुळत नाही. साठवताना यूटीसी, दाखवताना आणि दिवस मोजताना भारतीय वेळ, हा नियम एकदाच ठरवून टाका.

तीन प्रतींत तोच क्रॉन राहिला, तर ग्राहकाला हप्त्याचे तीन एसएमएस जातात. एसएमएसचं निभावून जाईल. हप्ता तीनदा कापला गेला तर एखाद्या घराचा महिना बिघडतो. शेड्युलर ॲपबाहेर काढा, एकच ठेवा. शिवाय प्रत्येक वसुलीला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी पैसे एकदाच कापले जातील.

ऑटोस्केलिंगने, म्हणजे गर्दी वाढली की आपोआप प्रती वाढवण्याने, ॲप वाढतं, डेटाबेस वाढत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. प्रत्येक प्रतीचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) २० चा असेल, तर पाचवी-सहावी प्रत उठताच, नेमक्या गर्दीच्या वेळी, एरर सुरू होतात. पूल लहान करा, मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरतो.

‘डेव्हऑप्सला विचारा’

जुन्या सिस्टिम ॲडमिनचं पद बदलून डेव्हऑप्स इंजिनिअर (कोड बांधणं आणि चालवणं यांची सांगड घालणारा) केलं जातं. मग प्रत्येक परवानगी, प्रत्येक डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) आणि रात्रीचा प्रत्येक अलर्ट त्याच्याच माथी. बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवरून तो सर्व्हिस रीस्टार्ट करत असतो, आणि ती का पडली हे त्याला कळायचं काही कारणच नसतं, कारण कोड त्याचा नाही.

ज्याने बांधलं त्यानेच चालवायचं, हे ॲमेझॉनचे वर्नर व्होगल्स २००६ मध्येच सांगून गेले. अलर्ट कोड लिहिणाऱ्या टीमकडेच जायला हवा. डेव्हऑप्सवाल्याचं काम असं की डेव्हलपरला कोणाची वाट न बघता, सुरक्षितपणे स्वतः डिप्लॉय करता यावं. ऑन-कॉलची, म्हणजे अवेळी अलर्ट आला तर बघायची, पाळी सगळ्यांत फिरवा, आणि रात्री दोनला उठलेल्या माणसाला सकाळच्या स्टँडअपला बोलावू नका.

‘आता डेटाबेस क्लाउडवाले बघतात’ म्हणून डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, काढणं ही महागात पडणारी चूक. इन्स्टॉलेशन आणि पॅचिंग गेलं, पण क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न), इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) आणि रिस्टोर (बॅकअपमधून डेटा परत आणणं) राहिलं. पूर्वी वाईट क्वेरी फक्त मंद असायची, आता ती बिलही वाढवते.

ते बिलही फक्त अकाउंट्सकडे न जाता टीमनिहाय टॅग लावून डेव्हलपरसमोर यावं. आठवड्याचे तास १६८. टेस्टची मशीन सोमवार ते शुक्रवार रोज १२ तास लागतात असं धरलं, तरी वापर ६० तासांचाच. उरलेले १०८ तास ती बंद ठेवता येतात. डिस्कचे पैसे मात्र मशीन बंद असतानाही लागतात.

दोन झोन म्हणजे बॅकअप नव्हे

डेटाबेस दोन झोनमध्ये, म्हणजे एकाच रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चुकीचा डिलीट दोन्हीकडे लगेच पोहोचतो. पॉइंट-इन-टाइम बॅकअप, म्हणजे हव्या त्या क्षणाची स्थिती परत आणता येणारा, वेगळा लागतोच, आणि त्याची एक प्रत मुंबईबाहेरही हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे या शहरात कोणाला सांगावं लागू नये. पेमेंटचा डेटा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या आदेशामुळे तो भारतातच ठेवावा लागतो, म्हणून ती प्रत सिंगापूरला ठेवून चालणार नाही. ॲमेझॉनचा हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे. तिथे प्रत ठेवली, की एका शनिवारी त्यातून डेटाबेस खरोखर उभा करून बघा. हे काम रोज करणाऱ्याला बाजूला बसवा, दुसऱ्या कोणाला तरी लिहिलेल्या सूचना वाचून करू द्या आणि किती वेळ लागला तो नोंदवा.