कागदावर शिवलेले गोधडीचे चौकोन

जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवताना तुकडे एकमेकांना नेमके भिडत नाहीत, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा शिवणाऱ्या बाईच्या हाताला दिला जातो. खरा दोष कापडाच्या सैलपणाचा असतो. वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले कापड तिरके कापले की उरेब धाग्यावर ताणले जाते, आणि सहा इंचांचा चौकोन शिवून होईपर्यंत एका बाजूला सव्वासहा तर दुसऱ्या बाजूला पावणेसहा भरतो. कागदावर तुकडे शिवण्याची रीत बहुधा नव्या कोऱ्या कापडाच्या नाजूक नक्षीसाठी म्हणून शिकवली जाते. माझ्या मते तिची अधिक गरज आपल्या खेड्यांतल्या या विरत चाललेल्या कापडाला आहे, कारण शिवताना पडणारा ताण कागद झेलतो आणि कापड जिथल्या तिथे राहते.

या कामाच्या दोन रीती आहेत. एकीत कागदाच्या छोट्या आकारांवर कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी धरतात आणि मग कडा हाताने जोडतात. इंग्लंडमध्ये या रीतीने केलेले १७१८ सालचे रेशमी तुकड्यांचे पांघरूण आजही जतन केलेले आहे. दुसरीत संपूर्ण चौकोनाची आकृती एकाच कागदावर काढून तिच्या रेषांवरूनच मशीन चालवतात. येथे दुसरी रीत दिली आहे, कारण ती साध्या पायमशीनवर होते आणि वीज गेली म्हणून अडून राहत नाही.

पहिल्या कामासाठी छापील नमुना शोधण्याची गरज नाही. कागदावर पट्टीने सहा इंचांचा चौकोन काढावा, त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत, आणि आत जो तिरका चौकोन तयार होतो त्याचेही मध्यबिंदू जोडावेत. मधोमध तीन इंचांचा सरळ चौकोन मिळतो. त्याला १ क्रमांक द्यावा. त्याच्या समोरासमोरच्या दोन त्रिकोणांना २ आणि ३, उरलेल्या दोघांना ४ आणि ५, आणि बाहेरच्या चार कोपऱ्यांना त्याच क्रमाने ६ ते ९ असे क्रमांक द्यावेत. सर्वांत बाहेरच्या रेषेपलीकडे चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडायची जादा कड, आखावी. आकृती पेन्सिलीनेच काढावी, कारण पेनाची शाई ओल लागताच कापडावर उतरते. वर्तमानपत्राचा कागद याच कारणासाठी टाळावा. मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी राहिलेली पाने उत्तम. पतंगाचा कागद मात्र शिवतानाच फाटतो.

एकेक आकृती काढत बसण्यापेक्षा एक चांगली युक्ती आहे. आखलेल्या कागदाखाली सात-आठ कोरे कागद ठेवून ते टाचण्यांनी पक्के करावेत, मशीनच्या सुईतला दोरा काढावा आणि सगळ्या रेषांवरून रिकामी सुई चालवावी. प्रत्येक कागदावर छिद्रांची रेघ उमटते, आणि त्याच छिद्रांवर पुढे कागद सहज फाटतो. झेरॉक्स काढायचीच असेल तर प्रत पट्टीने मोजून घ्यावी. यंत्रात आकृती थोडी लहानमोठी होऊ शकते, आणि तेवढा फरक दहा चौकोनांच्या ओळीत चांगलाच जाणवतो.

लुगड्याचा बसण्याच्या जागेचा भाग आधी विरतो, काठाजवळचा अधिक टिकतो. कापड उजेडासमोर धरून जिथून प्रकाश आरपार दिसतो तो भाग बाजूला काढावा. दोन्ही अंगठ्यांनी हलके ओढून धागे सरकले तर तोही घेऊ नये. उरलेले कापड पातळ पेजेत बुडवून, वाळवून, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावे. शिंप्याकडची सुती कात्रणे आणि खादी यांत बिनधास्त मिसळता येते. भंडाऱ्याकडचे टसर कितीही सुंदर असले तरी ते सुती लुगड्यासोबत सारखे धुतले जात नाही, म्हणून एका चौकोनात दोन्ही नकोत. मधल्या चौकोनासाठी चार इंचांचा तुकडा कापावा. २ ते ५ साठी साडेतीन इंचांचे दोन चौकोन आणि ६ ते ९ साठी साडेचार इंचांचे दोन चौकोन कर्णावर कापले की प्रत्येकी चार त्रिकोण मिळतात. हे माप मुद्दाम सढळ ठेवले आहे.

मशीनला १४ नंबरची सुई लावावी आणि टाका बारीक, म्हणजे एका इंचात पंधरा ते अठरा बसतील असा ठेवावा. टाका मोठा राहिला तर कागद काढताना शिलाई उसवते. फारच बारीक केला तर कागद काम संपण्याआधीच गळून पडतो. उन्हाळ्यात शेतीची कामे थंडावल्यावर गोधड्या निघतात, पण कूलरच्या झोतात बसून हे काम करू नये. त्या दमट हवेत कागद मऊ पडून वळतो आणि त्रिकोण घरभर उडतात.

आता शिवण. कागदाची कोरी बाजू वर करून १ क्रमांकाचा तुकडा तिच्यावर सुलट ठेवावा, उजेडात धरून तो सगळीकडून रेषेबाहेर निघतो का ते पाहावे आणि टाचणीने धरावा. मग कागद उलटून आखलेली बाजू वर घ्यावी, १ आणि २ मधल्या रेषेवर पोस्टकार्डाची कड ठेवून कागद मागे दुमडावा, आणि दुमडीबाहेर आलेले कापड पाव इंच माया सोडून कापावे. या कापलेल्या कडेला २ क्रमांकाच्या त्रिकोणाची लांब कड, सुलट बाजूला सुलट बाजू लावून, बरोबर जुळवावी. कागद उघडून आखलेली बाजू वर राहील असा मशीनखाली घ्यावा आणि रेषेवरून शिलाई मारावी, दोन्ही टोकांना दोन-तीन टाके रेषेबाहेर जाऊ द्यावेत. त्रिकोण उलटून उघडला की शिलाई बोटाने पुढे सरकवू नये, वरून दाबावी. वीज नसेल तेव्हा गरम पाणी भरलेला गडवा इस्त्रीचे काम चांगले करतो. दाबल्यावर कागद पुन्हा उजेडासमोर धरून तुकडा आपला सगळा भाग झाकून पाव इंच बाहेर येतो की नाही हे पाहूनच पुढे जावे, कारण बारीक टाके उसवणे जिकिरीचे असते. उसवताना कागद फाटलाच तर मागून चिकटपट्टी लावावी, तिच्यावर इस्त्री मात्र फिरवू नये. दुमडणे, कापणे, जुळवणे, शिवणे, दाबणे हाच क्रम ९ पर्यंत चालतो.

ही आकृती सगळीकडून सारखी आहे. पान किंवा पक्षी घेतला तर कागदावर डावीकडे पाहणारा पक्षी कापडावर उजवीकडे पाहतो, म्हणून तशी आकृती आधीच उलटी काढावी.

पूर्ण झालेला चौकोन मायेच्या बाहेरच्या रेषेवर कापला की साडेसहा इंचांचा होतो. पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीला असे दहा गुणिले चौदा, म्हणजे १४० चौकोन लागतात. एकाआड एक साधा साडेसहा इंचांचा तुकडा लावला तर ७० पुरतात, आणि माझ्या डोळ्यांना तीच मांडणी अधिक मोकळी वाटते. चौकोन जोडताना कागद तसाच ठेवावा. दोन चौकोनांच्या कोपऱ्यांतून टाचणी सरळ उभी आरपार घातली की टोके चुकत नाहीत.

शेजारचे सर्व चौकोन जोडून झाले की कागद काढावा, ९ पासून मागे १ कडे. ओले बोट शिलाईवरून फिरवून, अंगठ्याने टाके दाबून धरून, कागद शिलाईकडेच ओढावा; कोपऱ्यातले कपटे चिमट्याने निघतात. त्यानंतर खाली अस्तराचे लुगडे, मध्ये जुन्या लुगड्यांचे दोन-तीन पदर आणि वर हा जोडलेला थर पसरून, मोठ्या कच्च्या टाक्यांनी मधून कडांकडे धरून घ्यावे आणि नेहमीप्रमाणे धावदोरा घालावा. मायेच्या जाड जागी सुई अडते, म्हणून धावदोऱ्याची ओळ शिलाईपासून बोटभर आत ठेवावी.