साइट उघडते, पण गिऱ्हाइकाचा निरोप पोचतो का? छोट्या व्यवसायांनी या चुका टाळा

छोट्या व्यवसायाची वेबसाइट म्हटलं की चर्चा रंग, लोगो आणि होमपेजवरच्या फोटोंवर रंगते. खरं नुकसान मात्र न दिसणाऱ्या जागी होत असतं. साइट उघडते, मेनू चालतो, म्हणून मालक निश्चिंत. आणि तिकडे चौकशीचे मेल स्पॅममध्ये पडतायत, सर्चमध्ये नावही येत नाही, डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. असे बिघाड आपणहून कळत नाहीत, मुद्दाम शोधावे लागतात.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असणं

ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. साइट बनवणाऱ्यानेच डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असतं आणि संबंध चांगले असेपर्यंत कोणाला काही खुपत नाही. तो काम सोडून गेला किंवा फोन उचलेनासा झाला की मग धावाधाव सुरू होते. ‘हूइज’ या डोमेनच्या सार्वजनिक यादीत पाहून फारसं हाती लागत नाही, कारण मालकाचं नाव तिथे बहुधा झाकलेलं असतं. खरी परीक्षा एकच: रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, खात्यात तुम्हाला स्वतःला लॉगिन करता येतं का? येत असेल तर नोंदणीत नाव आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही बघा. डेव्हलपरला कामापुरता प्रवेश द्या, मालकी नको.

इथे एक बारीक सापळा आहे. रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडताच तो मेलही बंद होतो आणि नंतरच्या सूचना वाचायला कोणी उरत नाही. संपर्कासाठी वेगळ्या सेवेवरचा पत्ता द्या. ऑटो-रिन्यू सुरू आहे म्हणूनही गाफील राहू नका. खात्याला जोडलेलं कार्डच बाद झालं असेल तर पैसे कापले जाणार नाहीत.

मुदत उलटली तरी सगळं संपलेलं नसतं. डॉट-कॉमसारख्या डोमेनना मुदतीनंतर आधी नूतनीकरणासाठी सवडीचा काळ मिळतो. तो रजिस्ट्रारनुसार बदलतो, जास्तीत जास्त 45 दिवसांचा. ते डोमेन रद्द झालं की 30 दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ लागतो. त्यात डोमेन परत मिळतं, पण त्यासाठी बहुधा वेगळं आणि चांगलंच जड शुल्क पडतं. त्यानंतरच्या 5 दिवसांत कोणालाच काही करता येत नाही आणि मग ते नाव कोणीही घेऊ शकतो. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे असतात, त्यामुळे हे दिवस तिथे गृहीत धरू नका.

होस्टिंग बदललं आणि मेल गेला

नव्या होस्टिंगवाल्याने, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवायची त्याने, सांगितलं ‘नेमसर्व्हर बदला’, आपण बदलले. साइट झकास सुरू झाली आणि दोन दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की एकही मेल आलेला नाही. घोडं कुठे पेंड खातं? नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर. ते बदलले की सगळ्याच नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात. मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद जुन्या जागीच राहिली असेल, तर मेलला पत्ताच उरत नाही.

म्हणून काहीही हलवण्याआधी डीएनएसमधल्या, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या, सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. फक्त साइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावायची बहुतेकदा गरजच नसते. साइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी ए नोंद आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद बदलली की काम होतं. आदल्या दिवशी त्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, 300 सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे काही चुकलंच तर लवकर माघार घेता येते. आणि जुनं होस्टिंग त्याच संध्याकाळी बंद करू नका. काही दिवस दोन्हीकडे पैसे भरावे लागतील, पण बऱ्याचदा मेलपेट्या जुन्याच जागी असतात आणि ते आठवतं खातं बंद केल्यावर.

मेल जातो, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो, ही त्याच घरातली दुसरी तक्रार. तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं हे सांगणारी एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असावी लागते. मेलसेवेची एक आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरची दुसरी अशा दोन टाकल्या की तपासणीच चूक देते आणि पहिलीचाही उपयोग राहत नाही. दोन्ही एकाच ओळीत जोडा. डीकेआयएम, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनचा असल्याची डिजिटल सही, मेलसेवेच्या सेटिंगमधून सुरू करावं लागतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी नसेल, तर साधं कोटेशनसुद्धा नाकारलं जाऊ शकतं.

संपर्काचा फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो म्हणून विश्वास ठेवणं

‘धन्यवाद’ दिसलं तरी मेल पोचलाच असं नाही. बऱ्याचदा फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवतोय, आणि मेलसेवा तो अडवते. प्रेषक तुमच्याच डोमेनवरचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये टाका, आणि मेल एसएमटीपीने, म्हणजे मेलसेवेच्या सर्व्हरमार्फत, लॉगिनसकट पाठवा. फॉर्मची एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्येही साठवली जाऊ दे. मग महिन्यातून एकदा बाहेरच्या पत्त्यावरून स्वतः फॉर्म भरून बघा.

सर्चला दार बंद ठेवणं

साइट बनत असताना वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग इथे एक खूण केलेली असते: सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये. साइट सुरू होते, खूण तशीच राहते. महिनोन्‌महिने ‘एसईओ’वर, म्हणजे सर्चमध्ये वर येण्यासाठी, खर्च चालू असतो आणि दोष एका टिचभर चौकटीचा. आधी ती बघा, मग सल्लागार शोधा.

साइट नव्याने केली आणि पानांचे पत्ते बदलले, तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे 301 रिडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावा. सगळे जुने पत्ते होमपेजकडे वळवणं सोपं असतं, पण गूगल अशी पानं बहुधा नाहीतच असं धरतं, आणि माणसालाही हवं ते मिळत नाही.

एसएसएल ‘एकदा लावलं की झालं’ समजणं

साइट सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ पत्त्यावर चालते ती एसएसएल प्रमाणपत्रावर, आणि त्याला मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत प्रमाणपत्रं आजवर साधारण 90 दिवसांची असत आली आहेत, आणि विकतच्या प्रमाणपत्रांचीही मुदत घटतेय: मार्च 2026 पासून जास्तीत जास्त 200 दिवस, 2027 मध्ये 100 आणि 2029 मध्ये 47. हाताने नूतनीकरण करायचे दिवस गेले. ते आपोआप होईल अशी सोय करा, आणि होस्टिंग किंवा डीएनएस बदलल्यावर ती अजून चालतेय का ते पुन्हा तपासा. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी इशारा दिसत असेल पण प्रमाणपत्र ठीक असेल, तर पानावर एखादं चित्र अजून जुन्या ‘एचटीटीपी’ पत्त्यावरून येत असेल.

फोटो जसेच्या तसे चढवणं

फोनवरचा फोटो 4000 पिक्सेल रुंद आणि काही एमबींचा असतो. पानावर त्याला जागा मिळते त्याच्या चौथाईची. चढवण्याआधी रुंदी 1600 पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी या हलक्या स्वरूपात जतन करा. पानातला सर्वांत मोठा भाग 2.5 सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. वेग वाढवणारे प्लगइन (साइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) कधी कधी सगळ्याच चित्रांना ‘लेझी लोड’ लावतात, म्हणजे चित्र गरज पडल्यावरच आणतात. त्यातून सगळ्यात वरचं चित्र वगळा, नाहीतर तेच उशिरा येतं. होमपेजवरचा सरकता स्लायडर तर काढूनच टाका, माझ्या मते त्याने कोणाचंच भलं होत नाही.

बदल केला, पण दिसत नाही

डेव्हलपरला फोन करण्याआधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, खासगी विंडोत पान उघडा. तिथे नवं दिसलं तर जुनी प्रत तुमच्याच ब्राउझरमध्ये अडकली आहे. तिथेही जुनंच असेल तर कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली प्रत, आधी प्लगइनची पुसा, मग होस्टिंगची, शेवटी सीडीएनची (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सेवेची). क्रम उलटा केलात तर सीडीएन पुन्हा जुनीच प्रत उचलतो.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणं

सर्व्हर गेला की बॅकअपही गेला. एक प्रत वेगळ्या कंपनीच्या साठवणीत हवी, आणि फाइलींबरोबर डेटाबेसही हवा. वर्डप्रेसचा मजकूर आणि ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात, नुसत्या फाइली परत आणून रिकामा सांगाडा मिळतो. वर्षातून एक-दोनदा ती प्रत एखाद्या चाचणीच्या सबडोमेनवर चढवून बघा, आणि पान उघडल्यावर तारीख बघा: सगळ्यात ताजी ऑर्डर कालची आहे की बॅकअप कधीच थांबलाय?